रानपिंगळ्याचा खोटा पत्ता

आमच्या आयटीच्या धंद्यात डेटा एका सिस्टिममधून दुसरीकडे हलवायचा म्हटलं, की पहिला प्रश्न येतो : मुळात तो खरा आहे का? आज जगभरातल्या निसर्गसंग्रहालयांपुढेही हाच प्रश्न आहे. एकट्या लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये सुमारे ८ कोटी नमुने आहेत. नमुन्याचा फोटो काढायचा, लेबल वाचून डेटाबेसमध्ये भरायचं, जुन्या गावांचे अक्षांश-रेखांश शोधायचे, असं हे काम चालू आहे. पण लेबलच खोटं निघालं तर? याचं उत्तर आपल्या खानदेशातल्या एका पक्ष्याने दिलं आहे.

रानपिंगळा म्हणजे वीतभर उंचीचं घुबड. ॲलन ह्यूम यांनी १८७३ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. (काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच हे ह्यूम!) १८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने खानदेशात त्याचे नमुने गोळा केले. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षं हा पक्षी जणू गायबच झाला. मधली एकच नोंद होती : कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांनी १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ मिळवलेला नमुना. साहजिकच शोधणाऱ्यांना तो पत्ता खरा वाटला. हाती मात्र काहीच लागलं नाही.

पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेने हे नमुने बारकाईने तपासले, तेव्हा बिंग फुटलं. कर्नलसाहेबांनी डेव्हिडसनचाच एक नमुना संग्रहालयातून चोरून, नव्याने भरून, त्याला स्वतःचं लेबल लावलं होतं! मांडवीचा पत्ता बाजूला ठेवून रासमुसेन आणि त्यांचे दोन सहकारी जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे वळले. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा समोर बसलेला दिसला. चोरीची हकिगत १९९९ साली प्रसिद्ध झाली.

मंडळी, कॉम्प्युटर खोटं लेबलही तितक्याच इमानाने उतरवून घेतो. ही चोरी पकडायला खरा पक्षी हातात घ्यावा लागला, त्याचा एक्स-रे काढावा लागला. म्हणून फोटो काढून झाला तरी मूळ नमुना जपायलाच हवा.

पण डिजिटल नोंदीचं मोलही कमी नाही. वेगवेगळ्या देशांत विखुरलेले नमुने त्यामुळे एका पडद्यावर शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात, आणि न जुळणारी नोंद लवकर डोळ्यांत भरते. २००१ साली सुरू झालेल्या जीबीआयएफ या आंतरराष्ट्रीय यंत्रणेवर अशा नोंदी कुणालाही फुकट पाहता येतात. या दिवाळीच्या सुट्टीत मुलांना सोबत घेऊन आपल्या जिल्ह्याचा नकाशा तिथे उघडून बघा. आपल्या गावची कोणकोणती पाखरं परदेशी कपाटांत जाऊन बसली आहेत, ते कळेल!