मुखपट्टी आणि मर्दुमकी

साथीच्या रोगाशीं झुंजतांना मनुष्याला स्वतःच्या स्वभावाशींहि झुंजावें लागतें. आणि पुरुषांच्या बाबतींत ही दुसरी झुंज पुष्कळदां अधिक अवघड ठरते. इ. स. १९१८ मधील सॅन फ्रान्सिस्को या अमेरिकन शहराचा वृत्तांत या दृष्टीनें बोधप्रद आहे.

आपल्याकडे जिला लोक मानमोडी म्हणत, तीच इन्फ्लुएंझाची साथ त्या वर्षीं तेथेंहि पोंचली. या रोगाचा विषाणु ओळखण्यास १९३३ साल उजाडावें लागलें. तेव्हां गुणकारी औषध नाहीं, लस नाहीं, अशी स्थिति होती. हाताशीं होती ती गॉझची मुखपट्टी. १ नोव्हेंबरपासून ती सर्वांना सक्तीची झाली.

थुंकूं नये, शिंकतांना तोंड झांकावें, ही शिकवण आईनें मुलांना द्यावयाची, अशी समजूत असलेल्या पुरुषांच्या गळीं ती उतरवावी कशी? महायुद्ध चालूच होतें. अधिकाऱ्यांनीं मुखपट्टीला देशसेवेचें रूप दिलें आणि ती न बांधणाऱ्यास युद्धकर्तव्यांतून अंग चोरणाऱ्यांच्या पंक्तीस बसविलें. ही युक्ति बरीचशी सफल झाली. तरीहि कित्येकांनीं पट्टी हनुवटीवर लोंबत ठेवली. चिरूट ओढण्यासाठीं कोणी तिला भोंकहि पाडलें. शेंकडों लोकांना अटक झाली.

११ नोव्हेंबरला युद्ध संपलें आणि हा उसना आवेश ओसरूं लागला. अवघ्या पांच दिवसांनीं मुष्टियुद्धाच्या एका सामन्यांत खुद्द नगराध्यक्ष जेम्स रॉल्फ आणि आरोग्याधिकारी विल्यम हॅस्लर मुखपट्टीवांचून बसलेले छायाचित्रांत सांपडले! पहिल्यास ५० आणि दुसऱ्यास ५ डॉलर दंड झाला. २१ नोव्हेंबरला सक्ति उठली. जानेवारी १९१९ मध्यें रोग पुन्हां बळावला व सक्ति परत आली, तेव्हां मात्र विरोधकांचा संघच उभा राहिला. त्याच्या अध्यक्षस्थानीं एक स्त्री होती, हेंहि विसरूं नये. १ फेब्रुवारीस सक्ति मागें घेण्यांत आली.

गॉझची पट्टी विरळ. तिनें किती जीव वांचले, हा वादाचा प्रश्न आहे. परंतु चिरुटासाठीं तिला भोंक पाडणाऱ्यानें कांहीं हा शास्त्रार्थ केला नव्हता. शत्रूच्या नांवानें जागविलेलें कर्तव्य शत्रूबरोबरच मावळतें. त्याच दिवसांत घरोघरीं आजाऱ्यांच्या उशाशीं बसणाऱ्या स्त्रियांना युद्धाची हांक द्यावी लागली नाहीं. शेजाऱ्याला आपल्यापासून रोग लागूं नये, म्हणून जपणें हाहि पुरुषार्थच आहे, हें पुरुषांना रणभेरीवांचून पटावयास हवें होतें.