टाचेची कातडी

21 डिसेंबर 1846 रोजी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलात रॉबर्ट लिस्टन या सर्जनने फ्रेडरिक चर्चिल नावाच्या बटलरचा पाय मांडीतून कापला. ईथरची भूल देऊन केलेली ही शस्त्रक्रिया जगभर गाजली. पाय वेगळा व्हायला अर्धा मिनिटसुद्धा लागला नाही. लिस्टनच्या या वेगाचे किस्से आजही चवीने सांगितले जातात. पाय गेल्यावर जे उरतं, त्या थोटकाबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. माणूस पुन्हा चालणार की खाटेला खिळणार, हे बरंचसं त्या थोटकावर अवलंबून असतं.

हाड कापलं की भोवतालची कातडी आणि स्नायू आखडून मागे सरकतात आणि हाडाचं टोक उघडं पडतं. ते झाकायचं कशाने? सोळाव्या शतकात स्ट्रासबर्गचा हान्स फॉन गेर्सडोर्फ थोटकावर बैलाचं किंवा डुकराचं मूत्राशय चढवत असे. रक्त थांबवण्यासाठी तापल्या लोखंडाचे डाग देण्याची रीत तेव्हा सर्रास होती. 1552 मध्ये फ्रेंच सर्जन आंब्रोज पारेने पाय कापताना रक्तवाहिन्या दोऱ्याने बांधल्या. रक्त थांबवण्याची वाट त्यामुळे सापडली, पण हाड झाकण्याचा प्रश्न तसाच राहिला.

त्याचं उत्तर माणसाच्या अंगावरच होतं. 1679 मध्ये प्लिमथच्या जेम्स यंगने आणि 1696 मध्ये ॲमस्टरडॅमच्या पीटर फेर्डाउनने ते छापून मांडलं. पाय सगळीकडून सारखा गोल कापायचा नाही. एका बाजूची कातडी आणि मांस लांब ठेवायचं आणि ते पदरासारखं हाडावर ओढून घ्यायचं. फेर्डाउनने त्यासाठी पोटरी वापरली. पदराची एक कड अंगाला जोडलेली असते, त्यामुळे त्यातलं रक्त वाहतं राहतं. सर्जन यालाच फ्लॅप म्हणतात.

इतकी चांगली युक्ती, तरी ती लगेच सर्वत्र रुजली नाही. पदर बेतून कापायला वेळ लागतो आणि रोगी तर शुद्धीवर! शिवाय जंतूंची कल्पना कुणालाच नव्हती. शिवून बंद केलेल्या पदराखाली पू साचला, तर रोगी दगावायचा. म्हणून अनेकांना जुना गोल कापच बरा वाटे.

1842 मध्ये एडिंबरामध्ये जेम्स साइमने वेगळाच विचार केला. समोर 16 वर्षांचा मुलगा होता. त्याच्या पावलाची हाडं सडत चालली होती. अशा वेळी गुडघ्याखालून पाय कापण्याचा रिवाज होता. साइमने घोट्यातून पाऊल काढलं आणि टाचेची कातडी मात्र ठेवली. तीच वर वळवून हाडाखाली बसवली.

टाचच का? कारण ती जन्मापासून वजन पेलत आलेली असते. तिची कातडी जाड असते. तिच्याखालची चरबी मधाच्या पोळ्यासारख्या छोट्या कप्प्यांत बंद असते, म्हणून दाब पडला तरी ती बाजूला पसरत नाही. असं थोटूक थेट जमिनीवर टेकता येतं. रात्री उठून मोरीपर्यंत जायचं, तर कृत्रिम पाय चढवायलाच हवा असं नाही. मात्र घोट्याच्या आतल्या बाजूने टाचेकडे जाणारी धमनी जपावी लागते. ती तुटली तर पदर काळा पडतो आणि पाय आणखी वरून कापावा लागतो.

पुढे रशियात निकोलाय पिरोगोवने टाचेच्या हाडाचा तुकडाही कातडीसोबत राखला. त्यामुळे पायाची लांबी जास्त टिकली. साइमचा जावई म्हणजे जोसेफ लिस्टर. त्याने 1865 पासून कार्बोलिक ॲसिड वापरून जखमा जंतूंपासून वाचवायला सुरुवात केली. भूल आली, जंतू आवरले आणि फ्लॅप बेतायला सवड मिळाली. पहिल्या महायुद्धात चिखलाने माखलेल्या जखमा पुन्हा उघड्या ठेवाव्या लागल्या, हेही खरं. अनेक सैनिकांच्या थोटकांवर नंतर दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया झाल्या.

1960च्या दशकात अमेरिकेतल्या सिॲटलच्या अर्नेस्ट बर्जेसने पोटरीचा लांब फ्लॅप रूढ केला. नडगीवर हाडाला लागून नुसती कातडी असते. पोटरीत भरपूर स्नायू असतात आणि रक्तपुरवठाही चांगला असतो. फेर्डाउनची कल्पना जवळपास पावणेतीनशे वर्षांनी अशी पक्की बसली.

आज अपघातात नडगी चिरडली, पण तळवा शाबूत राहिला, तर त्याची कातडी रक्तवाहिन्यांसकट सोडवून थोटकावर बसवता येते. तळवाही गेला असेल, तर पाठीचा रुंद स्नायू काढून त्याच्या बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली पायातल्या रक्तवाहिन्यांना जोडतात. हा एवढा खटाटोप बहुतेकदा गुडघा वाचवण्यासाठी असतो. गुडघा असला की कृत्रिम पायावर चालताना दम कमी लागतो. मांडीवरची पातळ कातडी लावून हाड झाकता येतं खरं, पण कृत्रिम पायाच्या सॉकेटमध्ये घासून ती वारंवार फाटते.

आपल्याकडे मधुमेहामुळे पाय गमावणारे अनेक आहेत. ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेले नातेवाईक डॉक्टरांना एकच विचारतात, “कुठून कापणार?” त्याला जोडून आणखी एक प्रश्न विचारायला हवा : “आणि झाकणार कशाने?” रोज सकाळी कृत्रिम पाय चढवणाऱ्या माणसाला या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुढे आयुष्यभर पुरणार असतं.