नाते टिकते ते कशाच्या बळावर? कल्याणचा विवाह आणि सीमाभागातील सोयरिकी

माणसे प्रेमसंबंधात वा विवाहात का टिकून राहतात, या प्रश्नाला ‘प्रेम असते म्हणून’ एवढे उत्तर पुरत नाही. मानसशास्त्र प्रेम आणि बांधिलकी यांत भेद करते. प्रेम ओसरल्यावरही बांधिलकी उरते. उलट उत्कट प्रेम असूनही ती न रुजल्याची उदाहरणे कमी नाहीत.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॅरिल रुसबल्ट यांनी १९८० च्या सुमारास मांडलेल्या ‘गुंतवणूक प्रारूपा’नुसार बांधिलकी तीन गोष्टींवर अवलंबून असते : नात्यातील समाधान, अन्य पर्यायांचा अभाव आणि नात्यात गुंतवलेले सर्व काही, म्हणजे वर्षे, मुले, घर, सामाईक आप्त. नाते तुटताच हे हातचे जाते. २००३ साली बेंजामिन ले व ख्रिस्तोफर ॲग्न्यू यांनी ५२ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा बांधिलकीतील सुमारे दोन-तृतीयांश फरकाचा उलगडा या तीन घटकांनी होत असल्याचे दिसले. मायकेल जॉन्सन यांची मांडणी मराठीत सहज उतरते : राहावेसे वाटते, राहायला हवे असे वाटते, आणि राहावेच लागते.

यातील तिसरा प्रकार बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागात ठळकपणे दिसतो. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतील मराठी घरांचा लातूर, नांदेड, धाराशिव, सोलापूरशी रोटीबेटी व्यवहार जुना आहे; १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने सीमा आखली, सोयरिकी तोडल्या नाहीत. इरावती कर्वे यांनी भारतीय आप्तसंबंधांवरील ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर व दक्षिणेकडील विवाहपद्धतींच्या मधले क्षेत्र मानले. मामाच्या मुलीशी विवाह मराठी घरांत मान्य, तर कन्नड मुलखातील अनेक समाजांत मामा-भाचीचाही. मामा-भाचीच्या विवाहात नवरा हाच मामा असतो. नवऱ्याशी फारकत म्हणजे आईच्या माहेराशीही वितुष्ट. साटेलोट्यात तर एका जोडप्याचे बिनसले की दुसऱ्या जोडप्याचा संसारही डळमळतो. गुंतवणूक येथे दोघांची नसते, दोन कुळांची असते.

याच भूमीतील सर्वांत प्रसिद्ध विवाह बाराव्या शतकातील कल्याणचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा. परंपरेनुसार चर्मकार शरण हरळय्या यांचा पुत्र शीलवंत आणि ब्राह्मण कुळातून आलेले शरण मधुवरस यांची कन्या यांचा विवाह झाला. कलचुरी राजा बिज्जळाने दोन्ही पित्यांना देहदंड दिला आणि कल्याणात रक्तपात झाला. गिरीश कार्नाड यांच्या ‘तलेदंड’ नाटकाचा विषय हाच. ही कथा विरोधाला न जुमानणाऱ्या दोन प्रेमिकांची म्हणून सांगितली जाते. पण परंपरेत ती दोन शरण कुटुंबांनी सहमतीने जोडलेल्या सोयरिकीची आहे. दरबार विरोधात असला तरी बसवण्णांभोवतीचा शरणसमुदाय पाठीशी होता.

हा तपशील महत्त्वाचा आहे. घरचा विरोध वाढला की प्रेमही वाढते, असा निष्कर्ष रिचर्ड ड्रिस्कॉल व सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये काढला आणि त्याला ‘रोमिओ-ज्युलिएट परिणाम’ हे नाव मिळाले. २०१४ मध्ये कॉलीन सिंक्लेअर व सहकाऱ्यांनी तो पुन्हा तपासला असता उलटेच आढळले : आप्तांचा विरोध असलेल्या नात्यांत प्रेम आणि बांधिलकी कमी, पाठिंबा असेल तेथे अधिक. सिनेमाने रुजवलेली समजूत एवढी पक्की आहे, की हा निष्कर्ष अजून फारसा झिरपलेला नाही.

नैतिक बांधिलकीचे उदाहरणही कल्याणातच सापडते. सांडलेले तांदूळ वेचून दासोह चालवणाऱ्या आयदक्की मारय्यांनी एकदा गरजेहून जास्त तांदूळ आणले, तेव्हा पत्नी लक्कम्मांनी ते परत करायला लावले. या दांपत्याला बांधून ठेवणारी गोष्ट होती दोघांनी मिळून पत्करलेले कायकाचे व्रत.

बांधिलकी म्हणजे सुख नव्हे, हे मात्र विसरता येत नाही. रुसबल्ट व जॉन मार्ट्झ यांनी १९९५ मध्ये आश्रयगृहातील अत्याचारग्रस्त स्त्रियांचा अभ्यास केला. ज्यांच्याकडे पर्याय थोडे आणि नात्यात गुंतलेले अधिक, त्या जोडीदाराकडे परतण्याची शक्यता जास्त होती. समांथा जोएल यांच्या २०१८ च्या संशोधनात आणखी एक कारण पुढे आले : आपण गेलो तर जोडीदाराचे कसे होईल, ही काळजी. त्यामुळे ‘ती अजून तिथेच आहे, म्हणजे तसे ठीकच असेल’ हा शेजाऱ्यापाजाऱ्यांचा तर्क टिकत नाही. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ च्या कलम १७ नुसार, घरावर मालकी नसली तरी स्त्रीला सामाईक घरात राहण्याचा हक्क आहे. ‘जाणार कुठे’ या प्रश्नाचा एक भाग त्याने सुटतो, मामाच्या घराशी येणाऱ्या वितुष्टाचा नाही.