सागवानाची चाकरी

सोलापूरचा भुईकोट किल्ला मन्रोच्या फौजेने मे १८१८मध्ये घेतला. पेशवाईच्या त्या अखेरच्या महिन्यांची टिपणे काढत असताना मी एका जहाजापाशी अडखळलो. ‘ट्रिंकोमाली’ मुंबईच्या गोदीत पाण्यात उतरले १२ ऑक्टोबर १८१७ला. त्यानंतर चोविसाव्या दिवशी खडकीची लढाई झाली.

गोदी कंपनीची, जहाज मात्र इंग्लंडच्या राजाच्या आरमारासाठी. जमशेटजी बमनजी वाडियांनी ते मलबारी सागात बांधले. पायाभरणीला पारशी रिवाजाप्रमाणे चांदीचा खिळा ठोकला. नकाशांचा पहिला संच १८१२मध्ये ‘जावा’ या जहाजाबरोबर अमेरिकनांशी झालेल्या लढाईत गेला, म्हणून काम लांबले. जहाज इंग्लंडला पोहोचले १८१९मध्ये. तोवर नेपोलियनशी चाललेले युद्ध संपले होते. पुढची पंचवीस वर्षे ते बिनकामाचे उभे राहिले.

खरी चाकरी १८४७नंतरची : आधी उत्तर अमेरिका व वेस्ट इंडीज, मग १८५२ ते १८५७ पॅसिफिक. पुढे हार्टलपूलला नौसैनिकांची शाळा. १८९७मध्ये ते मोडीत निघाले, तेव्हा व्हीटली कॉब यांनी विकत घेऊन वाचवले व ‘फूद्रोयां’ नाव दिले. आज मूळ नावाने ते पुन्हा हार्टलपूललाच आहे.

पाण्यावर असलेले सर्वांत जुने ब्रिटिश लढाऊ जहाज, अशी त्याची ख्याती. माझे म्हणणे एवढेच : ते टिकले ते लढायांमुळे नव्हे, सागामुळे आणि मुंबईच्या सुतारांच्या हातांमुळे. कप्तानांची नावे नोंदीत सापडतात. त्या सुतारांची शोधायला हवीत.