दोन यमुना

गावच्या घरी भिंतीवर एक जुना फोटो आहे. त्यात आजोबांच्या आत्या आहेत, डोक्यावरून आलवण ओढलेल्या. लहानपणीच विधवा झाल्या, एवढंच मला ठाऊक. त्यामुळे मराठीतली पहिली कादंबरी विधवांवर आहे हे कळल्यावर मी ती मोठ्या आशेने वाचायला घेतली.

बाबा पद्मनजींची 'यमुनापर्यटन' 1857 साली आली. विधवाविवाहाचा कायदा झाला त्याच्या पुढच्याच वर्षी. यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासाला निघतात आणि ठिकठिकाणच्या विधवांच्या हकिगती त्यांच्यासमोर येतात. कल्पना जबरदस्त आहे. वाटलं, आत्यांच्या मनात काय चाललं असेल ते इथे सापडेल.

नाही सापडलं. एखाद्या बाईची गोष्ट रंगू लागते न लागते तोच तिच्यावर चर्चा सुरू होते. ऑफिसात आम्ही बग नोंदवतो तसं वाटत राहतं: काय बिघडलं, का बिघडलं, उपाय काय. उपायही आधीच ठरलेला. पद्मनजींनी 1854 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. विनायक वारल्यावर यमुनाही ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते. बाई मात्र मला शेवटपर्यंत भेटली नाही.

मग शीर्षकाचा उरलेला भाग नीट वाचला. हिंदुस्थानातल्या विधवांच्या स्थितीचं 'निरूपण', असं लेखकाने स्वतःच म्हटलंय. 'पहिली कादंबरी' हे लेबल नंतरच्यांनी चिकटवलं, आणि मी त्यावरच भुललो. ज्या काळात या बायकांकडे बघायलाही कुणी तयार नव्हतं, तेव्हा त्यांच्या हकिगती एका पुस्तकात आल्या, हे काम लहान नव्हतं. तरी माझी निराशा काही गेली नाही.

1890 मध्ये सुरू झालेल्या 'करमणूक' साप्ताहिकात हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः येऊ लागली. तिच्या नायिकेचं नावही यमुना! लिहिणारा याही वेळी पुरुषच. पण ही यमुना स्वतःची गोष्ट स्वतः सांगते. माहेर, सासर, वैधव्य, केशवपन, सगळं तिच्याच तोंडून. तिच्या वतीने कुणी निष्कर्ष काढत बसत नाही. दुसऱ्यांच्या हकिगती ऐकणाऱ्या यमुनेपासून स्वतःची सांगणाऱ्या यमुनेपर्यंत यायला मराठीला तेहेतीसेक वर्षं लागली.

गेल्या दिवाळीत मी आजीला आत्यांचं नाव विचारलं. ती बराच वेळ फोटोकडे बघत राहिली. म्हणाली, "आम्ही सगळे आत्याच म्हणायचो रे."