कोंबडीच्या पंखाची कुळकथा

कोंबडीचा रस्सा झाला की तंगडी कुणाच्या ताटात जाणार, हे घरोघरी ठरलेलं असतं. पंखाला असा हक्काचा धनी नसतो. त्यात हाड जास्त, मांस कमी. तो रश्श्याला चव देतो आणि शेवटी पातेल्यात उरतो. आज छत्रपती संभाजीनगरच्या बार अँड ग्रिलमध्ये हाच पंख 'विंग्स' म्हणून मेन्यूत वरच्या जागी असतो. ही बढती त्याला मिळाली साठेक वर्षांपूर्वी, अमेरिकेतल्या एका कामगार शहरात.

ते शहर म्हणजे न्यूयॉर्क राज्यातलं बफेलो. ईरी सरोवराच्या काठी धान्याची कोठारं, पोलादाचे कारखाने आणि पाळी सुटली की बारमध्ये येणारे कामगार. तिथल्या मेन स्ट्रीटवर फ्रँक आणि टेरेसा बेलिसिमो या इटालियन वंशाच्या जोडप्याचा 'अँकर बार' होता. तोवर अमेरिकेतही बहुतेक ठिकाणी पंखाची जागा सूपच्या भांड्यातच होती. १९६४ मध्ये टेरेसा यांनी पंखाचे सांध्यावर दोन तुकडे केले, टोक काढून टाकलं, पीठ न लावता ते तसेच तळले आणि लोणी घातलेल्या तिखट सॉसमध्ये घोळवले. सोबत सेलरीच्या कांड्या आणि ब्लू चीजचं घट्ट ड्रेसिंग दिलं. आजही बफेलो विंग्सची थाळी अशीच येते.

हे का घडलं, याबद्दल मात्र घरातच एकमत नव्हतं. फ्रँक सांगत, सॉससाठी कोंबडीच्या पाठी-माना मागवल्या होत्या, चुकून पंख आले आणि ते वाया जाऊ नयेत म्हणून पत्नीने ते तळले. मुलगा डॉमिनिक सांगे, शुक्रवारची रात्र होती. कॅथलिक गिऱ्हाइकं शुक्रवारी मांस खात नसत. मध्यरात्र उलटल्यावर त्यांना खायला काही द्यावं म्हणून आईने पंख तळले.

तिसरा दावा त्याच शहरातला, पण दुसऱ्या वस्तीतला. जॉन यंग हे कृष्णवर्णीय दुकानदार साठच्या दशकातच पंख विकत होते. त्यांचा पंख अख्खा असे, पिठात घोळवून तळलेला आणि 'मँबो' नावाच्या आंबटगोड तिखट सॉसने माखलेला. कृष्णवर्णीयांच्या घरांत तळलेला पंख कधीच नवा नव्हता. चांगले तुकडे ज्यांच्या वाट्याला येत नसत, त्यांनी उरलेल्या तुकड्यांना चव दिली होती. लेखक कॅल्विन ट्रिलिन यांनी १९८० मध्ये 'द न्यूयॉर्कर'साठी या पदार्थाचा छोटा इतिहास जुळवायचा प्रयत्न केला. घटना जेमतेम सोळा वर्षं जुनी होती आणि माणसं हयात होती, तरीही एक निकाल लागला नाही.

पंख बफेलोबाहेर पडला तो बाजारामुळे. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत बोनलेस छातीची मागणी वाढली आणि पंख स्वस्तात उरू लागले. बारमालकांना तर हेच हवं होतं. खारट-तिखट खाणं बिअरचा खप वाढवतं, हाताने खायचं असल्याने काटे-चमचे लागत नाहीत आणि मॅच संपेपर्यंत ते पुरतं. १९८२ मध्ये ओहायोतल्या कोलंबस शहरात, बफेलोच्या पंखांची आठवण येणाऱ्या दोन मित्रांनी 'बफेलो वाइल्ड विंग्स' काढलं. भिंतीवर टीव्ही, खेळाडूंचे फोटो, विशिष्ट सजावट आणि ताटात पंख, असा साचा पुढे जगभर गेला. आता सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या एका शनिवार-रविवारीच अमेरिकेत एक अब्जाहून अधिक पंख खाल्ले जातात.

पंखाच्या या यशाचं रहस्य त्याच्या कातडीत आहे. मांसाच्या मानाने कातडी एवढी इतर कुठल्याच तुकड्याला नसते. तळताना तिच्यातली चरबी सुटते आणि ती कुरकुरीत होते. सांध्यांतलं कोलॅजन विरघळून आतलं मांस मऊ, रसाळ राहतं. ज्या गुणामुळे पंख सूपला दाटपणा देई, त्याच गुणामुळे तो तळल्यावरही कोरडा पडत नाही.

आणि नेमकी ही कातडीच आपल्याकडे दुकानातच उतरते. आपली कोंबडी गिऱ्हाइकासमोर कापली जाते. गरम पाण्यात बुडवून पिसं उपटत बसण्यापेक्षा पिसांसकट कातडी सोलणं झटपट होतं. रश्श्यालाही बिनकातडीचंच मांस बरं, त्यात मसाला मुरतो. मग आपल्या पंखाला कुरकुरीतपणा द्यायचा कसा? याचं उत्तर भारतीय चायनीज स्वयंपाकात सापडलं. ते म्हणजे चिकन लॉलीपॉप.

लॉलीपॉप हा पंखच असतो, हे तो आवडीने खाणाऱ्या अनेकांच्या ध्यानात येत नाही. खांद्याकडच्या तुकड्याच्या बारीक टोकाशी सुरी फिरवून शिरा कापायच्या आणि मांस खरवडत जाड टोकाकडे ओढायचं, की हाडाची दांडी मोकळी होते. मधल्या तुकड्यात दोन हाडं. त्यातलं बारीक हाड काढून टाकायचं आणि उरलेल्यावर मांस गोळा करायचं. मग कॉर्नफ्लॉवर, मैदा, आलं-लसूण, मिरची आणि लाल रंग. हे आवरण म्हणजे दुकानात राहून गेलेल्या कातडीची भरपाईच. त्यामागे केवढी कारागिरी आहे, हे संध्याकाळी गाडी लागण्याआधी लॉलीपॉप बांधणाऱ्या पोऱ्याचे हात पाहिले की कळतं.

दोन्ही परंपरांचा सॉसही एका गोत्राचा. बफेलोच्या सॉसमध्ये लाल मिरची, लसूण, व्हिनेगर. आपल्या शेजवान चटणीतही तेच, आणि गोव्याच्या विंदालूतही तेच. अमेरिका खंडातली मिरची पोर्तुगीजांनी गोव्यात उतरवली, हे लक्षात घेतलं तर या नात्याचं आश्चर्य वाटत नाही. बफेलोने त्यात लोण्याची भर घातली आणि ती शास्त्राला धरून आहे. मिरचीचा जाळ स्निग्धात विरतो, पाण्यात नाही. म्हणूनच बिअरपेक्षा चीजचं ड्रेसिंग तोंड लवकर शांत करतं.

मी छत्रपती संभाजीनगरमधल्या एका थीम बार अँड ग्रिलमध्ये विंग्स मागवल्या. भिंतींवर मोटारसायकलींचे भाग, समोर मोठ्या पडद्यावर क्रिकेट. पंख बिनकातडीचे होते, मैद्याच्या पातळ कवचात तळलेले आणि वर लोण्याचा तिखट सॉस. मला ते मनापासून आवडले. त्या ताटलीत टेरेसा बेलिसिमो यांचा सॉस होता, जॉन यंग यांच्यासारखं पिठाचं कवच होतं आणि कवचाची गरज आपल्या चिकनच्या दुकानातून आली होती.

या शहराला बाहेरून आलेलं खाणं आपलंसं करण्याची जुनी सवय आहे. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी शहराजवळच्या दौलताबादला हलवली. त्याच्या लष्कराच्या मुदपाकाशी नान-खलियाचं मूळ जोडलं जातं आणि आज नान-खलिया ही शहराची ओळख आहे. पुढे वाळूजची एमआयडीसी उभी राहिली, १९८५ मध्ये बजाजचा कारखाना आला, बिअरचे कारखाने आले. पाळ्या, पगार आणि बिअर हे तिन्ही बफेलोत होतं, तसं इथेही जमून आलं. पंखाला इथे जागा मिळणं स्वाभाविकच होतं.

आता एक काम इथल्या खवय्यांनी आणि अभ्यासकांनी हाती घ्यायला हवं. आपल्या चौकात लॉलीपॉपची पहिली गाडी कुणी लावली, तो हे कुणाकडून शिकला, चटणीत त्याने आपलं काय घातलं, हे सांगणारी माणसं अजून गाड्यांवर उभी आहेत. स्वस्त खाण्याचा इतिहास कुणी लिहून ठेवत नाही आणि मग जॉन यंग यांच्यासारख्यांची नावं मागे पडतात. बफेलोच्या पंखाचा इतिहास जुळवायला ट्रिलिन सोळा वर्षांनी गेले, तेव्हाच उशीर झाला होता. आपण या माणसांकडे वही घेऊन आजच जायला हवं.