अवचित थिजणारा संगणक: एका दोषपरीक्षेचा इतिहास

संगणकातील दोष ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार स्थिर दोषांचा असून त्यात एखादा भाग कायमचा निकामी होतो, यंत्र सुरूच होत नाही आणि दुरुस्ती करणाऱ्याला तो भाग शोधून बदलता येतो. दुसरा प्रकार खंडित दोषांचा, म्हणजे अधूनमधून प्रकट होणाऱ्या आणि मधल्या काळात मागमूसही न ठेवणाऱ्या दोषांचा आहे. टेबलावरचा संगणक तासन्‌तास बिनतक्रार चालतो, मग एखाद्या क्षणी पडद्यावरचे चित्र जागच्या जागी थिजते, माउस आणि कीबोर्ड दाद देईनासे होतात, आणि वीज बंद करून पुन्हा सुरू केली की तेच यंत्र काहीच न घडल्याप्रमाणे काम करू लागते. पहिल्या इलेक्ट्रॉनिक संगणकांपासून आजच्या घरगुती यंत्रांपर्यंत या दुसऱ्या प्रकाराने तंत्रज्ञांना सतत छळले असून, त्याच्या परीक्षेचा इतिहास हा मुख्यतः एकाच प्रश्नाच्या उत्तरांचा इतिहास आहे: स्वतःच्या लहरीने येणारा दोष तपासणाऱ्याच्या इच्छेने कसा आणावयाचा?

फेब्रुवारी १९४६ मध्ये अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात ‘एनियाक’ हा संगणक लोकांसमोर आला, तेव्हा त्यात सुमारे १८,००० व्हॅक्यूम ट्यूब, म्हणजे निर्वात काचनळ्या होत्या. इतक्या नळ्यांचे यंत्र काही मिनिटेही सलग चालणार नाही, अशी शंका अनेकांनी घेतली होती. त्याचे मुख्य अभियंते जे. प्रेस्पर एकर्ट यांनी प्रत्येक नळी तिच्या ठरीव क्षमतेपेक्षा बऱ्याच कमी भारावर चालवली. शिवाय नळ्या बहुधा यंत्र चालू किंवा बंद करताना तापमान झपाट्याने बदलल्यामुळे जातात हे ध्यानात आल्यावर यंत्राची वीज शक्यतो बंदच न करण्याचा परिपाठ पडला. दोष उद्भवूच नये यासाठीची ही काळजी होती. तो लपलेला असताना बाहेर कसा काढावा, याचे उत्तर तिच्यात नव्हते.

ते उत्तर मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये जे फॉरेस्टर यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या आणि १९५१ मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘व्हर्लविंड’ या यंत्राने दिले. नळी एकाएकी मरत नाही, ती क्षीण होत जाते. आणि क्षीण झालेली नळी बराच काळ कशीबशी काम निभावते, परंतु विजेचा दाब जरा खाली आला किंवा एखादा संकेत जरा दुबळा पडला की चुकते, हे तिथल्या अभियंत्यांनी ओळखले. म्हणून यंत्राच्या एकेका भागाला मिळणारा विद्युतदाब ते मुद्दाम ठरलेल्या मूल्याच्या वर आणि खाली नेत व त्याच वेळी उत्तर आधीच ठाऊक असलेली गणिते यंत्राकडून करवून घेत. निरोगी भाग हा फरक सहन करीत आणि उद्या-परवा दगा देणारी नळी तपासणीतच उघडी पडे. या पद्धतीला सीमाचाचणी म्हणता येईल, कारण तीत यंत्राला त्याच्या सहनशक्तीच्या सीमेवर नेऊन पाहिले जाते. पुढे अमेरिकेच्या ‘सेज’ या हवाई संरक्षण यंत्रणेतील प्रचंड संगणकांनी हीच पद्धत उचलली. संगणकदुरुस्तीच्या इतिहासात हिच्याइतका मूलगामी विचार दुसरा झाला नाही असे म्हणण्यास हरकत नाही, कारण दोषाची वाट पाहत बसण्याऐवजी त्याला बोलावून घेता येते हे तिने दाखवून दिले.

भारतात याच पिढीचा संगणक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडला. त्याचे प्राथमिक रूप १९५६ मध्ये आणि पूर्ण यंत्र १९६० मध्ये सिद्ध झाले. १९६२ मध्ये त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव मिळाले. तेही काचनळ्यांवरच चालणारे यंत्र होते, आणि ज्यांनी ते बांधले त्यांनाच ते चालते ठेवणे भाग होते.

दुसरी वाट बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग यांनी दाखवली. तिथला रिलेवर, म्हणजे विजेने उघडझाप होणाऱ्या यांत्रिक स्विचांवर, चालणारा संगणक आपल्या हिशेबातील चूक ओळखून थांबत असे. परंतु शनिवार-रविवारी कोणी हजर नसताना तो ते काम सोडून पुढच्या कामाकडे वळे आणि सोमवारी हॅमिंग यांच्या हाती काहीच लागत नसे. यंत्राला चूक कळते, तर ती नेमकी कुठे आहे हेही त्याला कळावे, या विचारातून त्यांनी १९५० मध्ये चूक शोधणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या संकेतावलींवरचा निबंध प्रसिद्ध केला. याच कुळातील सर्वांत साधा उपाय ‘पॅरिटी’ हा होय. संगणकाच्या स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये, शून्य किंवा एक एवढीच नोंद ठेवणाऱ्या एककाला बिट म्हणतात. दर आठ बिटांमागे नववा बिट ठेवून त्यातून एकूण एकांची संख्या सम आहे की विषम याची खूण जपली, की मधला एखादा बिट आपोआप पालटल्यास ती खूण जुळत नाही आणि चूक लगेच कळते. १९८१ मध्ये आलेल्या आयबीएमच्या पर्सनल कॉम्प्युटरमध्ये ही सोय होती. खूण जुळली नाही की पडद्यावर तसा संदेश दाखवून तो थांबत असे. यंत्र थांबले खरे, पण थांबण्याचे कारण सांगून थांबले, हा फरक मोलाचा होता.

स्मृतीतील बिट आपोआप कसे पालटतात, याचेही कारण त्याच सुमारास उलगडले होते. इंटेलमधील टिमोथी मे आणि मरे वुड्स यांनी १९७८ मध्ये असे दाखवले, की चिपच्या सिरॅमिक आवरणातील युरेनियम व थोरियम यांच्या सूक्ष्म अंशातून निघणारे अल्फा कण स्मृतीच्या पेशीतील विद्युतभार बिघडवतात. पुढच्याच वर्षी अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांचाही असाच परिणाम होऊ शकतो हे आयबीएमचे जेम्स झिग्लर आणि येल विद्यापीठाचे विल्यम लॅनफर्ड यांनी मांडले. अशा चुकीत कोणताही भाग खराब झालेला नसतो, म्हणून तिला ‘सॉफ्ट एरर’ म्हणतात.

इतके ज्ञान हाती असूनही १९९०च्या दशकात घरगुती संगणकातून पॅरिटी काढून टाकण्यात आली. नववा बिट म्हणजे स्मृतीचा एक अष्टमांश जादा खर्च, आणि किमतीच्या चढाओढीत तो नकोसा झाला. १९९५ मध्ये आलेल्या इंटेलच्या पहिल्या ‘ट्रायटन’ चिपसेटमध्ये, म्हणजे प्रोसेसर व स्मृती यांना जोडणाऱ्या चिपांच्या संचात, पॅरिटीचा आधारच नव्हता. ही काटकसर चुकीची होती. तिने चुका कमी झाल्या नाहीत, फक्त त्यांची साक्ष नाहीशी झाली. पूर्वी कारण सांगून थांबणारे यंत्र आता मुकाट्याने थिजू लागले, आणि स्मृतीचा दोष, प्रोग्रामचा दोष व विजेचा दोष हे तिन्ही बाहेरून एकसारखेच दिसू लागले.

प्रोग्रामचे दोषही कमी नव्हते. विंडोज ३.१ मध्ये एका प्रोग्रामने आपण होऊन पाळी सोडली तरच दुसऱ्याला प्रोसेसर मिळत असे, त्यामुळे एकच प्रोग्राम अडकला की सगळा संगणक अडके. विंडोज ९५ ने ही व्यवस्था बऱ्याच अंशी बदलली, पण त्यात आणि विंडोज ९८ मध्ये वेळ मोजणारा एक ३२ बिटांचा गणक होता. तो मिलिसेकंदांत मोजत असल्याने ४९.७ दिवसांनी भरून पुन्हा शून्यावर येई आणि तेव्हा यंत्र थिजू शकत असे. हा दोष १९९९ मध्ये उजेडात आला, कारण तोवर इतके दिवस ते यंत्र सलग चालू ठेवणारे फार थोडे होते.

विजेची बाजू २००० नंतर ठळकपणे पुढे आली. प्रोसेसरजवळच्या मदरबोर्डवर उभे असलेले लहान दंडगोल, म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, विद्युतदाबातील चढउतार गिळून प्रोसेसरला स्थिर पुरवठा देतात. त्या वर्षांत बाजारात आलेल्या अनेक कपॅसिटरांमधील पाणीयुक्त द्रावण सदोष होते. त्यातून वायू तयार होऊन माथे फुगत आणि द्रव पाझरे. फुगलेला कपॅसिटर एकदम मरत नाही. त्याची धारणशक्ती घटते, आणि प्रोसेसरवर अचानक भार आला की दाब क्षणभर खचतो व संगणक थिजतो. काचनळीच्या क्षीणतेचाच हा नवा अवतार होता. डेल कंपनीने २००५ मध्ये अशा मदरबोर्डांच्या दुरुस्तीपोटी सुमारे ३० कोटी डॉलरची तरतूद केली, यावरून या साथीची व्याप्ती कळते.

महाराष्ट्रात हा सारा इतिहास दुरुस्तीच्या दुकानांतून घडला. मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळचा डॉ. भडकमकर मार्ग, जो लोकांच्या तोंडी लॅमिंग्टन रोडच राहिला, तिथून सुटे भाग घेऊन जुळवलेले ‘असेंबल्ड’ संगणक राज्यभर गेले. २००१ मध्ये एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाल्यावर तालुक्याच्या गावीही संगणकांनी भरलेल्या खोल्या उभ्या राहिल्या, आणि त्याच दशकात भारनियमनाने विजेचा लपंडाव नेहमीचा झाला. हँग होणारा संगणक दुकानात आला की कारागीर आधी कॅबिनेट उघडून धूळ झटकी, रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी टोकांवरून खोडरबर फिरवी, पंखा फिरतो का आणि प्रोसेसरवरची पेस्ट वाळली आहे का ते पाही, मग शेजारच्या चालू यंत्रातला एसएमपीएस, म्हणजे घरची वीज संगणकाच्या कमी दाबात बदलणारा डबा, जोडून बघे. एका वेळी एकच भाग बदलावयाचा आणि यंत्र पुरेसा वेळ चालवून पाहावयाचे, ही शिस्त पाळणारे कारागीर बहुधा मूळ कारणापर्यंत पोहोचत. उलट, आल्याआल्या ‘फॉरमॅट मारण्याची’ जी सवय सर्वत्र पसरली तिने नुकसान केले. प्रोग्रामचा दोष तीत कधी सुटे, पण दोष स्मृतीचा किंवा विजेचा असल्यास तो तसाच राही, ग्राहकाची कागदपत्रे व छायाचित्रे मात्र पुसली जात आणि विंडोजसारख्या मूळ प्रणालीने ठेवलेल्या नोंदीही त्याबरोबर नाहीशा होत.

जाणत्यांनी थिजण्याचे प्रकार ओळखण्याच्या खुणाही शोधल्या. कॅप्स लॉकची कळ दाबून दिवा लागत-विझत असेल, तर प्रणालीचा गाभा जिवंत असून वरचा प्रोग्राम अडकलेला असण्याचा संभव अधिक. दिवाही हलत नसेल, तर संशय स्मृती, वीज, उष्णता किंवा एखाद्या यंत्रभागाच्या ड्रायव्हरकडे, म्हणजे तो भाग चालवणाऱ्या प्रोग्रामकडे वळतो. माउसचा बाण फिरतो पण काहीच उघडत नाही, तेव्हा डिस्क आधी तपासावी.

दरम्यान सीमाचाचणी नव्या वेषात परतली होती. ख्रिस ब्रेडी यांनी १९९४ मध्ये लिहिलेला ‘मेमटेस्ट८६’ हा प्रोग्राम विंडोज सुरू होण्यापूर्वीच चालतो आणि स्मृतीच्या प्रत्येक घरात निरनिराळे आकृतिबंध लिहून ते तसेच परत मिळतात का ते तासन्‌तास पडताळतो. मोठ्या मूळसंख्या शोधण्यासाठी जॉर्ज वोल्टमन यांनी तयार केलेला ‘प्राइम९५’ हा प्रोग्राम उत्तर ठाऊक असलेली अवजड गणिते करवून प्रोसेसरला तापवतो, म्हणून दुरुस्तीवाल्यांनी तो आपलासा केला. गूगलच्या सर्व्हरांवरील २००९ चा अभ्यास या तपासणीला बळ देतो: एका वर्षात रॅमच्या सुमारे ८ टक्के पट्ट्यांत चुका आढळल्या, आणि त्यांत वैश्विक किरणांसारख्या क्षणिक कारणांपेक्षा पट्टीतल्याच कायमच्या दोषांचा वाटा मोठा दिसला. याचा अर्थ असा, की रॅमचा दोष बहुतेकदा शोधून काढता येतो.

रॅमबाहेरचे दोषही शोधून काढता येतात, हे पुढची उदाहरणे सांगतात. ‘क्रुशल एम४’ या एसएसडी डिस्कमध्ये एकूण ५,१८४ तासांच्या वापरानंतर दर तासाला थिजण्याचा दोष होता, तो २०१२ मध्ये डिस्कमधील अंतर्गत प्रोग्राम बदलून दूर झाला. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांत गरजेपेक्षा जास्त विद्युतदाब मागितला जाऊन चिप हळूहळू झिजत असे. कंपनीने २०२४ मध्ये ते मान्य करून दुरुस्ती दिली आणि हमीचा काळ दोन वर्षांनी वाढवला. अलीकडच्या डीडीआर५ प्रकारच्या रॅममध्ये चिपच्या आतली चूक आतच सुधारण्याची सोय आली आहे, परंतु ती चूक घडल्याची वार्ता संगणकापर्यंत पोहोचत नाही आणि चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवरची चूक तिच्या कक्षेत येत नाही. चूक सुधारणारी व कळवणारी पूर्ण ‘ईसीसी’ रॅम आजही प्रोसेसर आणि मदरबोर्ड या दोघांनी आधार दिला तरच चालते, आणि घरगुती संगणकांच्या बहुतेक मदरबोर्डांत तो आधार नसतो.